संगणकाचा मास्तर कोठून आणणार?

गेल्या महिन्यात बुधवाऱ्यात आपल्या मंडळाची बैठक झाली. उपस्थिती बऱ्यापैकी होती, चहा वेळेवर आला आणि शेवटचा विषय नेहमीप्रमाणे घाईत उरकला गेला. विषय होता निवेदनाचा. खरगोनच्या क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठाला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना द्यावयाच्या या निवेदनात मागण्या दोन होत्या. पहिली अशी की विद्यापीठाने संगणकशास्त्राचा पीएच.डी.पर्यंत जाणारा विभाग उभारावा, त्याचे एक केंद्र बऱ्हाणपुरात असावे आणि त्यासाठी इमारत व शंभर संगणक मंजूर व्हावेत. दुसरी अशी की त्या विभागातील प्राध्यापकांच्या भरतीत निमाडातील मराठी उमेदवारांना प्राधान्य मिळावे. सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर एकतीस सह्या झाल्या होत्या. मी सही केली नाही.

त्यावरून घरी परतेपर्यंत दोन फोन आले. एकाने विचारले, "भाऊ, तुम्हाला आपल्या मुलांचे भले नको आहे का?" दुसऱ्याने विचारले नाही, सुनावलेच. म्हणून या अंकात जागा मागून घेतली आणि हे लिहीत आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्या-मुंबईस गेलेले आपले बांधवही हे पत्रक वाचतात. आपल्याकडची महाविद्यालये वर्षानुवर्षे इंदूरच्या विद्यापीठाला जोडलेली होती. ते विद्यापीठ १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. २०२४ साली निमाडसाठी खरगोनला वेगळे विद्यापीठ झाले आणि आपण त्यात गेलो. गुणपत्रिकेवरचे नाव बदलले, चकरा मारायचे गाव बदलले. आता हे विद्यापीठ नुसते परीक्षा घेणारे आणि पदव्या वाटणारे कार्यालय होणार की तिथे खरोखर काही विद्या निर्माण होणार, हे पुढच्या पाच-दहा वर्षांत ठरेल. म्हणूनच निवेदन द्यावे या मताचा मीही आहे. माझे भांडण निवेदनाशी नाही, त्यातल्या मजकुराशी आहे.

इमारत आणि शंभर संगणक! बंधूंनो, इमारती मागण्यात आपण पटाईत आहोत. इमारत मागणे सोपे असते, कारण तिचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, फोटो निघतो आणि मंत्रीही खूश होतात. संगणकाचे तर विचारूच नका. पाच वर्षांत तो जुना होतो आणि आठव्या वर्षी भंगारात जातो. पण त्या खोलीत उभे राहून शिकवणार कोण, हा प्रश्न आपल्या कागदावर आलाच नाही. आला तो फक्त दुसऱ्या मागणीत, आणि तोही "आपला माणूस" या रूपात.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. तो संगणकशास्त्रात एम.टेक. झाला, नेट उत्तीर्ण झाला. शिकवण्याची हौस अशी की सुट्टीत गल्लीतल्या पोरांना ओट्यावर बसवून शिकवायचा. एका महाविद्यालयात (नाव घेत नाही, घेऊन काय होणार?) अतिथी विद्वान म्हणून लागला. महाराष्ट्रात ज्याला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणतात, त्याला आपल्या मध्य प्रदेशात अतिथी विद्वान असे भारदस्त नाव आहे. अतिथी खरे, पण देवो भव नव्हे. दिवसाचे पंधराशे रुपये. महाविद्यालय बंद, तर पैसे बंद. दिवाळी आली की घरात फराळ आणि खिशात शुकशुकाट. चार वर्षे त्याने असे काढले. मग एक दिवस त्या जागेवर बदली होऊन नियमित प्राध्यापक आले आणि आमचे चिरंजीव "फॉलन आउट" झाले. हा शब्द माझा नाही, सरकारी आहे. ज्यांच्या घरात अतिथी विद्वान आहे त्यांना तो चांगला ठाऊक असेल. आज भाचा हिंजवडीत एका कंपनीत आहे. पगार उत्तम, चेहरा उतरलेला.

सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, अतिथी विद्वानांना महिना पन्नास हजारांपर्यंत मानधन देण्याची घोषणा झाली. चांगलेच झाले, त्याबद्दल आभार. पण पैसे वाढले तरी अतिथी हा अतिथीच राहतो, आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या निवेदनकर्त्यांच्या ध्यानात आलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे २०२२ चे नियम पाहा. संशोधनाचा मार्गदर्शक होण्यासाठी माणूस कायम नेमणुकीवरचा प्राध्यापक असावा लागतो, त्याची स्वतःची पीएच.डी. असावी लागते आणि त्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ. अतिथी विद्वानाला शून्य. म्हणजे शंभर संगणक आले, इमारत झाली, त्यात वीस अतिथी विद्वान बसवले, तरी त्या विभागातून पीएच.डी.चा एकही विद्यार्थी बाहेर पडू शकत नाही. "पीएच.डी.पर्यंत जाणारा विभाग" ही आपली पहिली मागणी कायम पदे भरल्याशिवाय कागदावरच मरते.

आता संगणकशास्त्रातच ही पदे भरणे इतके अवघड का? इतिहासाला किंवा हिंदीला एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. संगणकशास्त्राचे गणित निराळे. बी.टेक.ची चार वर्षे, एम.टेक.ची दोन, पीएच.डी.ची निदान चार-पाच. या काळात ज्याला सरकारी संशोधनवृत्ती मिळते त्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. पुढे सहायक प्राध्यापक म्हणून लागला तर सातव्या वेतनश्रेणीचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू. याच मुलाचा वर्गमित्र चौथ्या वर्षाची परीक्षा संपताच बंगळूरला जाऊन कमवायला लागलेला असतो, आणि हा तिशीला टेकला तरी घरच्यांना "अजून शिकतोच आहे का?" असे ऐकावे लागते. लग्नाच्या बाजारात काय होते ते आपल्या वधू-वर मेळाव्यांत सर्वांनी पाहिलेच आहे. तरीही जो या वाटेने जातो तो ध्येयवेडा असतो, आणि अशा माणसाला आयआयटी घेते, परदेशी विद्यापीठ घेते, कंपन्यांच्या प्रयोगशाळाही घेतात. त्याने खरगोनला का यावे? ही जाहिरात देणाऱ्याने स्वतःला विचारायची गोष्ट आहे.

दिल्लीने यावर काढलेला तोडगा म्हणजे पात्रता कमी करणे. २०१८ च्या नियमांत म्हटले होते की जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. हवीच. मग करोना आला, मुदत जुलै २०२३ पर्यंत गेली, आणि २०२३ च्या जुलैत नेट वा सेट एवढी किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक करण्यात आली. महाविद्यालयातल्या बी.एस्सी.च्या वर्गासाठी हे ठीक. परंतु संशोधनाच्या विभागात विना-पीएच.डी. माणूस घेतला, तर तो दुसऱ्याला पीएच.डी. करवणार कशी?

आता आमच्या केळकरांची आठवण करतो. "आमच्या" म्हणताना मला गंमत वाटते, ती का ते पुढे कळेल. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, जन्म १९०९, गाव धारवाड. लिव्हरपूलहून विजेच्या विषयात पीएच.डी. करून आले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवले, पवईच्या आयआयटीच्या उभारणीत राबले आणि १९५९ च्या अखेरीस कानपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून उत्तर प्रदेशात गेले. तेव्हा तिथे स्वतःची इमारत नव्हती. हारकोर्ट बटलर संस्थेच्या उसन्या जागेत वर्ग भरत. केळकरांनी पहिल्यापासून ध्यास घेतला तो माणसांचा. अमेरिकेत शिकत असलेले, शिकवत असलेले तरुण भारतीय हेरून त्यांनी त्यांना कानपूरला आणले. कानपूरला! गिरण्यांच्या धुराचे, उन्हाळ्यात भाजून काढणारे गाव. तरी माणसे आली, कारण तिथे काम करायची मोकळीक होती, वर बसलेला माणूस पाठीशी उभा राहणारा होता आणि सोबतीला आपल्यासारखेच आणखी चारजण होते.

१९६३ साली तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. मदत अमेरिकेच्या नऊ विद्यापीठांची. यंत्राची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या यंत्राभोवती जमलेली माणसे पाहा. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातून केसवन आले. अमेरिकेत पीएच.डी. केलेले राजारामन आले, ते तमिळनाडूतल्या इरोडचे. पुढे महाबला आले. त्यांनी एम.टेक.चे वर्ग चालवलेच, शिवाय देशभरातल्या अध्यापकांसाठी आणि उद्योगांतल्या लोकांसाठी अल्प मुदतीचे वर्ग घेतले. इन्फोसिसचे नारायण मूर्ती १९६९ साली तिथूनच एम.टेक. होऊन बाहेर पडले. हिंदी मुलुखातल्या एका गावात भारतातले संगणकशिक्षण असे रुजले, आणि ते रुजवायला गेलेला संचालक मराठी माणूस होता. त्या संस्थेचे ग्रंथालय आजही केळकरांच्या नावाने आहे.

आता ती गंमत. केळकर कानपूरला गेले त्या वर्षी तिथल्या एखाद्या मंडळाने "भरतीत दोआबातील स्थानिकांना प्राधान्य द्या" असे निवेदन दिले असते आणि ते मान्य झाले असते, तर? केळकर स्वतःच बाहेरचे, राजारामन बाहेरचे, केसवन बाहेरचे. आपण त्या केळकरांचे नाव अभिमानाने घेतो आणि आपल्या दारात मात्र पाटी लावतो की आपलाच माणूस हवा.

आपणच कोण आहोत? आपल्यातली काही घराणी शिंदे-होळकरांच्या काळापासून इथे आहेत, काही रेल्वेबरोबर आली, काही नेपानगरच्या कागद कारखान्यामुळे. सगळेच बाहेरून आलो आणि इथले झालो. या गावाची रीतच ती. १६१५ साली रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला, तो तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने. सातपुड्याच्या पोटातले पाणी शोधून विहिरींच्या माळेतून शहरात आणायची विद्या इथे कोणाला येत नव्हती, म्हणून येणाऱ्याला बोलावले. त्याचे गाव कोणते, भाषा कोणती, हे बऱ्हाणपूरकर तेव्हा विचारत बसले नाहीत. पाणी मात्र चारशे वर्षे प्यायले.

दुसऱ्या मागणीत कायद्याचीही अडचण आहे. घटनेच्या सोळाव्या कलमानुसार सरकारी नोकरीत केवळ जन्मस्थान किंवा वंश पाहून भेदभाव करता येत नाही. आरक्षणाची बिंदुनामावली घटनेने दिलेली आहे, ती पाळलीच पाहिजे, आणि राखीव जागा "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून रिकाम्या ठेवण्याची खोड मोडली पाहिजे. हे विद्यापीठ १८८९ साली जबलपुरात फाशी दिलेल्या टंट्या मामाच्या नावाचे आहे. खकनार-नेपानगरकडची बारेला, भिलाला, कोरकू मुले त्यात शिकतात, आणि पुष्कळदा घरातली शिकणारी पहिली पिढी म्हणून शिकतात. त्यांच्या विद्यापीठात जाऊन आपण म्हणणार की जागा मराठीला द्या? मला तरी हे शोभत नाही.

कोणी म्हणेल, मग मराठी मुलांनी करायचे काय? अर्ज करायचा आणि गुणांवर यायचे. त्याचा दाखलाही घरातलाच आहे. दीपक फाटक इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून अभियंता झाले, पुढे मुंबई आयआयटीत शिकले आणि १९७१ पासून तिथेच शिकवू लागले. देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांना दूरसंचाराच्या मदतीने एकाच वेळी हजारांच्या संख्येने प्रशिक्षण देण्याची मोहीम त्यांचीच. २०१३ साली पद्मश्री मिळाली. इंदुरात शिकलेल्या माणसाला पवईच्या लोकांनी "तू मध्य प्रदेशातला" म्हणून परत पाठवले नाही.

आणखी एक उदाहरण रोजच्या रस्त्यावरचे. इंदूर-इच्छापूर मार्गावरून बसने जाताना सिमरोलला आयआयटीच्या इमारती दिसतात. मुले काचेला नाक लावून पाहतात. पण ही संस्था २००९ साली सुरू झाली तेव्हा सिमरोलला काहीच नव्हते. मुंबईच्या आयआयटीने पालकत्व घेतले, पहिले वर्ग इंदूर विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संस्थेच्या जागेत भरले, आणि पहिल्याच वर्षी ज्या तीन शाखा उघडल्या त्यांत संगणकशास्त्र होते. इमारती मागाहून आल्या.

तर निवेदनात काय असावे? माझ्या मते मुख्य मागणी एकच. विभागात कायम पदे किती मंजूर, किती भरली, किती रिकामी, हे विद्यापीठाने दर सहा महिन्यांनी जाहीर करावे आणि रिकाम्या जागांची जाहिरात ठरल्या मुदतीत काढावी. याच्याच पोटात निवड समितीचा प्रश्न येतो. तिच्यात कुलगुरूंशिवाय विषयातले तीन बाहेरचे तज्ज्ञ असतात, आणि त्यांतले निदान दोन हजर असल्याशिवाय निवड होऊ शकत नाही. सगळी मेख या तिघांत आहे. ते इंदूर, मुंबई, कानपूरच्या आयआयटीतले असतील तर चांगला उमेदवार ओळखतील, आणि तेवढाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे चांगला उमेदवार त्यांची नावे ऐकून अर्ज करील. ते ओळखीपाळखीतले असतील तर काय होते ते मी लिहायला नको. नव्या विभागात पहिल्या तीन नेमणुका जशा होतात तसा तो विभाग तीस वर्षे राहतो, कारण पुढच्यांना निवडताना तेच बसतात.

आपल्यातल्या ज्येष्ठ अभियंत्यांसाठी एक वाट आहे, तिची माहिती फार थोड्यांना आहे. २०२२ पासून आयोगाने "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" अशी सोय केली आहे. पंधरा वर्षांचा भरीव अनुभव असेल तर पीएच.डी. नसतानाही विद्यापीठात शिकवता येते, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार वर्षे. पुण्या-बंगळुरात कंपनीतून मोकळे झालेले आपले कितीतरी जण आहेत, "गावासाठी काही करावे" असे दर गणपतीत म्हणणारे. त्यांनी आता करावे. अर्थात ही भाजीतली फोडणी आहे, भाजी नव्हे. कायम प्राध्यापकांची जागा ती घेऊ शकत नाही.

आणि आता कटू बोलतो, राग मानू नका. समजा, सगळे जमले. समजा, रिवा किंवा केरळातला एखादा तरुण डॉक्टरेट घेऊन बऱ्हाणपूरच्या केंद्रावर शिकवायला आला. तो राहणार कोठे? आपल्या बुधवाऱ्यात वाड्यांच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, हे मला दारोदार वर्गणीला जाताना दिसते. पण भाडेकरू ठेवायच्या आधी आपण आडनाव विचारतो, मग जात, मग ताटात काय वाढले जाते ते. मुसलमान असेल तर विचारायचीही तसदी घेत नाही. आमच्याच गल्लीत दोन वर्षांमागे एक बाहेरगावचे अतिथी विद्वान तीन घरे फिरून शेवटी स्टेशनजवळ लॉजवर राहिले. त्या तीन घरांतले एक माझ्या चुलतभावाचे. बायकोला नोकरी, मुलाला शाळा आणि स्वतःला खोली, या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर कितीही पगार दिला तरी माणूस दोन वर्षांत बदली मागतो. यातल्या पहिल्या दोन सरकारच्या हातात असतील. तिसरी आपल्या जिन्यावर आहे.

२०२८ साली विधानसभेची निवडणूक येईल. उमेदवार दारात येतील, तेव्हा संगणक केंद्राची इमारत मागू नका, ती ते हसत हसत देतील. कायम पदे किती भरलीत, हा आकडा विचारा. उत्तर द्यायला वेळ लागेल.

अध्यक्षांशी बोलणे झाले आहे. त्यांनी मोठ्या मनाने नवा मसुदा करायला परवानगी दिली. दुसरी मागणी त्यात नाही, पहिलीतली इमारत खाली गेली आहे आणि पदांची मागणी वर आली आहे. प्रत मंडळाच्या कचेरीत ठेवली आहे, रविवारपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ या वेळात सह्या घेतल्या जातील. ज्या एकतीस जणांनी आधी सह्या केल्या त्यांनी वाचून मग ठरवावे.

भाच्याला पुण्याला हा मसुदा फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, जाहिरात निघाली तर कळवाल ना?"